हवामान सांगणारा माणूस

आकाशवाणीवरून हवामानाचा अंदाज सांगितला जातो, तेव्हा तो ऐकणारे दोन तऱ्हेचे लोक असतात. एक, ज्यांचं पोटच त्या अंदाजावर असतं. मनोरी-गोराईचे आमचे कोळी, मोहराकडे डोळे लावून बसलेला रत्नागिरीचा बागाईतदार, घड उतरवायला आले असताना आभाळ भरून आलेलं पाहणारा नाशिककडचा द्राक्षवाला. आणि दुसरे तुम्हांआम्हांसारखे, 'वेधशाळेनं पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरीच ठेवा' असं म्हणून हसणारे. ही थट्टा फार जुनी आहे आणि तिच्यात थोडं तथ्यही आहे. पण हसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. हा अंदाज करतो कोण? तो माणूस तयार कसा होतो? आणि त्याला तयार करण्याचा खर्च कोण सोसतो?

हा प्रश्न आपल्यासारख्या मोठ्या देशात फारसा बोचत नाही. समुद्रात विखुरलेल्या लहान लहान बेटांच्या देशांत मात्र तो जीवनमरणाचा होतो. त्या बेटांची आणि आपली या बाबतीत जी देवाणघेवाण झाली, तिचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

बेट म्हटलं की आपल्याला काहीतरी दूरचं, नारळीच्या झाडांचं चित्र आठवतं. पण आम्ही बोरीवलीकर स्वतः बेटावरच राहतो. साष्टी हे बेटच. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. विरारकडे जाणारी गाडी भाईंदर सोडून पुलावर चढते, तेव्हा आपण बेट सोडतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही, इतकंच. आणि या देशातल्या हवामानशास्त्राच्या एका मोठ्या अध्यायाचा आरंभही बेटावरच झाला आहे. तो झाला कुलाब्याला. कुलाबा मुंबईला बांधाने जोडलं गेलं ते १८३८ साली. वेधशाळा त्याच्याही आधीची, १८२६ची.

ही कुलाब्याची हकिकत शिक्षकबंधूंनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून ही इमारत बांधली. विलायतेहून यंत्रं मागवली. कर्निन नावाचा खगोलज्ञ नेमला. त्याला इमारत पसंत पडेना, यंत्रं पसंत पडेनात. सरकारशी त्याचा वाद झाला आणि १८२८ साली त्याला काढून टाकण्यात आलं. पुढे काय झालं? इमारत उभी, यंत्रं पेटीत, आणि काम शून्य. अशी वर्षांमागून वर्षं गेली. १८४१ साली एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि ज्योतिष शिकवणारे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय आणि हवामानाची निरीक्षणं नियमित सुरू झाली. म्हणजे इमारत झाल्यापासून पंधरा वर्षांनी. पैसा इमारतीला मिळाला होता, यंत्राला मिळाला होता. अडलं होतं ते माणसावाचून.

आणि तो माणूस आला कुठून? ऑर्लिबारसाहेबांना हाताखाली मदतनीस हवे होते. त्यांनी ते आपल्याच विद्यार्थ्यांतून घेतले. त्यांतला एक अलिबागजवळच्या नागावचा. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला ते केरो लक्ष्मण छत्रे. वय जेमतेम सोळा, पगार महिना पन्नास रुपये. सुमारे दहा वर्षं केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत होते. वायुभारमापक वाचायचा, आकडा लिहायचा, घटकाभराने पुन्हा वाचायचा, पुन्हा लिहायचा. रात्रीसुद्धा. कंटाळवाणं काम खरं, पण नजर आणि हात त्यानेच तयार होतात. पुढे पुण्याला त्यांनी गणित शिकवलं, 'ग्रहसाधनांची कोष्टके' हा ग्रंथ लिहिला, आणि टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेला. ते महिन्याचे पन्नास रुपये मला त्या इमारतीच्या एकंदर खर्चापेक्षा मोलाचे वाटतात. वाचक म्हणतील, मास्तर मास्तराचीच बाजू घेणार. घेतो खरी.

आता कुलाब्याहून थेट मॉरिशसला जाऊ. अंतर हजारो मैलांचं आहे, पण दुवा आपल्याच मुंबईचा आहे. १८४६ साली चार्ल्स मेल्ड्रम नावाचा एक तरुण स्कॉटिश शिक्षक मुंबईच्या शिक्षणखात्यात रुजू झाला. दोनच वर्षांत त्याची बदली मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात झाली. तिथे तो गणित शिकवू लागला. मॉरिशस म्हणजे चक्रीवादळाच्या वाटेवरचं बेट. ऊस उभा असावा आणि एका रात्रीत आडवा व्हावा, हे तिथलं नित्याचं दुःख. मेल्ड्रमने १८५१ साली तिथे हवामानाचा अभ्यास करणारी एक सभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. सुएझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी अनेक जहाजं पोर्ट लुई बंदरात थांबत. प्रत्येक जहाजावर रोजनिशी असे : आज वारा कुठून, किती जोराचा, हवेचा दाब किती. मेल्ड्रम आणि त्याचे सहकारी त्या रोजनिशा मागून घेत, उतरवून काढत, आणि एकाच दिवशी साऱ्या महासागरावर हवा कशी होती याचा नकाशा मांडत. बेटावर बसून समुद्र वाचण्याची ही युक्ती होती. तिला लागत होती फक्त शाई, कागद आणि चिकाटीची माणसं. १८७० साली पाम्प्लेमूस येथे रॉयल आल्फ्रेड वेधशाळेची पायाभरणी झाली आणि मेल्ड्रमच तिचा प्रमुख झाला.

याच शतकात आपल्या कोकणातून आणि दक्षिण महाराष्ट्रातून गेलेली मराठी माणसंही त्या बेटावर पोचली होती. मुंबई बंदरातून करारावर मजूर म्हणून ती गेली, उसाच्या मळ्यांत राबली आणि तिथेच रुजली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात. तेव्हा मॉरिशसचं वादळ ही मराठी माणसाच्या दृष्टीने निव्वळ परक्या देशाची बातमी नव्हे.

आता जरा उलट बाजूने पाहा. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा येतो कुठून? दक्षिण गोलार्धात मॉरिशसच्या आसपास, मस्करीन बेटांच्या भागात, हवेचा दाब जास्त असतो. तिथून निघालेला आग्नेयेकडचा वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळण घेतो आणि पाणी उचलत आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. मृगाचा पाऊस बोरीवलीच्या डोंगरावर पडतो, त्याची वाट इतक्या दूरवरून सुरू झालेली असते. हे आपल्या हवामानखात्याच्या लवकरच लक्षात आलं. १८७५ साली खातं निघालं, त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड. ते हिमालयातलं बर्फ पाहून पावसाचा अदमास घेत. त्यांच्यामागून आलेले इलियट यांनी महासागराकडे नजर वळवली आणि मॉरिशस, सेशेल्स, झांझिबार इथली निरीक्षणं जमेस धरायला सुरुवात केली. १८९९ साली त्यांनी पाऊस चांगला होईल असं सांगितलं आणि पडला तो दुष्काळ. छप्पन्नाचा म्हणून म्हातारी माणसं ज्याचं नाव काढीत, तोच. अंदाज इतका फसला, तरी महासागराकडे पाहण्याची दिशा चुकीची नव्हती. इलियट यांच्या जागी आलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणिती. पावसाचं गणित बांधताना त्यांनी जे चार-पाच आकडे मोजके म्हणून निवडले, त्यांत हिमालयाचं बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस यांच्या जोडीला मॉरिशसच्या हवेचा दाबही होता.

म्हणजे पाहा, मॉरिशसच्या वेधशाळेत कुणीतरी पहाटे उठून नळीतला पारा किती चढला ते लिहीत होता, आणि त्या आकड्याचा उपयोग इकडे विदर्भाच्या कापसाला आणि खानदेशच्या ज्वारीला व्हावा अशी खटपट चालली होती. आपण त्या बेटाचे देणेकरी आहोत, असं मी म्हणतो ते यासाठी. पुढे आपण बेटांच्या माणसांना शिकवलं, त्याला दानधर्म म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द रुचत नाही.

त्या बेटावर माणसांचं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. २९ एप्रिल १८९२ रोजी मॉरिशसवर भयंकर चक्रीवादळ आलं. एप्रिलच्या अखेरीस वादळाचा हंगाम संपलेला असतो अशी सर्वांची समजूत. वादळाचा डोळा बेटावरून जात असताना वारा अचानक थांबला. लोकांना वाटलं, संपलं. पुष्कळ लोक घराबाहेर पडले आणि उलट्या दिशेने वारा सुटला. सुमारे बाराशे माणसं गेली. पुढे १९६० साली जानेवारी-फेब्रुवारीत 'आलिक्स' आणि 'कॅरोल' अशी दोन वादळं पाठोपाठ आली. कॅरोलचा झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेला होता. हजारो घरं भुईसपाट झाली. माणसं मात्र गेली चाळीसच्या आसपास. लोकसंख्या तर मधल्या काळात पुष्कळच वाढली होती. हा सारा फरक हवामानखात्यामुळेच पडला असं म्हणणं धाडसाचं होईल. रस्ते होते, दळणवळण होतं, रेडिओ होता. पण रेडिओवरून सांगायला आधी कुणाला तरी काही कळलेलं असावं लागतं!

पहिल्या महायुद्धापूर्वीचं हवामानशास्त्र बव्हंशी साम्राज्यांच्या पैशावर चाललं. जहाजं बुडू नयेत, महसूल बुडू नये, हा त्यांचा हेतू. साम्राज्यं गेली आणि बेटं स्वतंत्र होऊ लागली, तेव्हा वेधशाळा उरल्या, पण त्या चालवणारे साहेब परत गेले. कुलाब्याला १८२८ साली जे झालं, तेच आता देशोदेशी होण्याची भीती होती. सुदैवाने एक नवी व्यवस्था तोवर उभी राहिली होती. २३ मार्च १९५० रोजी जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला, म्हणून तो दिवस जागतिक हवामान दिन पाळला जातो. वाऱ्याला सरहद्द नसते, तेव्हा निरीक्षणं सर्वांनी सर्वांना द्यायची आणि ज्यांच्याजवळ विद्या आहे त्यांनी ती नसलेल्यांना शिकवायची, असा तिचा रिवाज. १९६०च्या दशकाच्या अखेरीस या संघटनेने स्वेच्छेच्या मदतीची एक योजना काढली. तिचंच नाव पुढे स्वेच्छा सहकार्य योजना झालं. कुणी यंत्र देई, कुणी तज्ज्ञ पाठवी, कुणी शिष्यवृत्ती देई. भारताने आपल्या परीने शिष्यवृत्त्या दिल्या.

पण शिकवण्याआधी आपणही शिकलो. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम म्हणून जी मोठी शास्त्रीय मोहीम त्या काळात निघाली, तिचं हवामान केंद्र १९६३ साली कुलाब्यालाच उघडलं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज हे त्याचे संचालक. जहाजं, विमानं आणि बेटांवरची ठाणी यांच्याकडून आलेले आकडे तिथे एका नकाशावर मांडले जात. त्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रही मुंबईला आणलं होतं. तेव्हा ती मोठी नवलाई होती. आपले तरुण हवामानतज्ज्ञ परदेशी तज्ज्ञांच्या खांद्याला खांदा लावून तिथे काम करीत. आणि याच सुमारास, १९६२ साली, पुण्याला उष्णप्रदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. बाहेरचा पैसा माणसांच्या शिक्षणावर खर्च झाला तर काय होतं, याचं हे आपल्याच घरचं उदाहरण. ती संस्था आजही पाषाणला काम करीत आहे.

पुण्याचं आणि हवामानाचं नातं त्याच्याही आधीचं. खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक 'सिमला ऑफिस' म्हणत, आणि त्या चौकाला अजून म्हणतात. हिमालयातलं ते नाव पुण्याच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी कसं आलं, याचं कोडं नव्या माणसाला उलगडत नाही. मुख्य कार्यालय १९४४ साली दिल्लीला गेलं, पण शिक्षणाचं काम पुण्यातच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हवामान सांगणारी माणसं हवी होती, त्या निकडीतून पद्धतशीर वर्ग सुरू झाले. युद्ध संपलं, वर्ग चालूच राहिले. पुढे जागतिक हवामान संघटनेने या केंद्राला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून मान्यता दिली. आशिया-आफ्रिकेतल्या देशांची माणसं इथे येऊन शिकली. त्यांत मालदीव, श्रीलंका यांसारखे बेटांचे देशही आले.

ही माणसं शिकतात तरी काय? नकाशावर आकडे मांडायचे आणि सारख्या दाबाच्या रेषा ओढायच्या. फुगे सोडून वरच्या हवेची माहिती घ्यायची. रडारवरचा ठिपका पावसाचा की नुसत्या ढगाचा ते ओळखायचं. उपग्रहाचं चित्र वाचायचं. गणकयंत्राने काढलेला अंदाज डोळे मिटून न स्वीकारता तपासायचा. कुठला अभ्यासक्रम काही महिन्यांचा, कुठला वर्षभराचा. मालदीवच्या माणसाला याची गरज किती, ते नकाशा पाहिला की कळतं. जवळजवळ बाराशे बेटं, त्यांतल्या दोनशेच्या आत बाहेर बेटांवर वस्ती, आणि बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट उंच. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं ते होडीने. होडीला तिथे 'दोणी' म्हणतात, आपल्या डोणीची सख्खी बहीण. अशा देशात 'आज दुपारी वारा वाढेल' हे वाक्य म्हणजे एस.टी.चं वेळापत्रक आहे.

इथे कुणीतरी विचारील, 'अहो, आपल्याच घरचा अंदाज चुकतो, आपण दुसऱ्यांना काय शिकवणार?' प्रश्न रास्त आहे. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४च्या आसपास. एका बेटाचं एक टोक बुडतंय आणि दुसऱ्याला फक्त पावसाळी दिवस! इतका पाऊस पडेल हे आधी कुणाला सांगता आलं नाही. पाऊस मोजणारी ठाणी विरळ होती, आणि ढगाच्या पोटातला वारा दाखवणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं. नंतर कुलाब्याला ते आलं, २०२२ साली अंधेरीजवळ वेरावलीला दुसरं आलं. पण उत्तर एवढंच नाही. चूक कुठे झाली, का झाली, हे जो पुन्हा पुन्हा तपासतो त्याच्याजवळच शिकवण्यासारखं काही साठतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा त्याची वाट आधी सांगितली गेली होती आणि किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली होती. याच खात्याचं दिल्लीचं केंद्र बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या वादळांची सूचना मालदीव, श्रीलंका, ओमान अशा शेजाऱ्यांना देतं. सूचना दिल्लीहून मिळाली तरी ती वाचून आपल्या बेटाला काय धोका आहे हे ठरवणारा माणूस माले शहरात असावाच लागतो.

आता पैशाचा हिशेब. शिक्षकबंधूंनी हा वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. हवामानाची खुर्ची चोवीस तास भरलेली हवी, कारण वादळ कचेरीची वेळ पाहून येत नाही. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला चाळीस तास काम करतो असं धरलं, तर एका खुर्चीला चार माणसं पुरी पडत नाहीत. रजा, आजारपण धरलं की पाच-सहा लागतात. हा आकडा देशाच्या आकारावर ठरत नाही. भारताला एका खुर्चीमागे जितकी माणसं लागतात, तितकीच नाऊरूलाही लागतात. आणि नाऊरू म्हणजे केवढा देश? प्रशांत महासागरातलं एकवीस चौरस किलोमीटरचं एक बेट. आमच्या बोरीवलीचं राष्ट्रीय उद्यान त्याच्या जवळजवळ पाचपट आहे. वस्ती सुमारे बारा हजार. बोरीवलीच्या एखाद्या वॉर्डातही याहून जास्त माणसं राहतात. आपल्याकडे एका वॉर्डाने स्वतःच्या खर्चाने सहा हवामानतज्ज्ञ शिकवून पोसावेत, अशी कल्पना करून पाहा.

म्हणून अशा देशांना बाहेरून मदत लागते, आणि ती मिळतेही. भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहकार्याने २०१७ साली एक विकासनिधी काढला. त्याचं पहिलंच काम प्रशांत महासागरातल्या सात बेट-देशांत हवामानाच्या पूर्वसूचनेची व्यवस्था सुधारण्याचं होतं. त्यांत हे नाऊरूही होतं. किरिबाटी, टोंगा, सॉलोमन, कुक, मार्शल आणि मायक्रोनेशिया हे बाकीचे. पण मदतीला एक जुनी खोड आहे. यंत्र द्यायला सर्वांना आवडतं. त्याची फीत कापता येते, फोटो निघतो. रात्रपाळीला बसणाऱ्या माणसाच्या पगाराची फीत कशी कापणार? दोन-तीन वर्षांनी यंत्राचा एक सुटा भाग मोडतो, तो बसवणारा नसतो, आणि खाऱ्या वाऱ्यात ते गंजत पडतं. ही अडचण जाणून २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत एक वेगळा निधी जाहीर झाला. निरीक्षणाची ठाणी उभारायलाच नव्हे, तर ती पुढे चालू ठेवायलाही पैसा द्यायचा, आणि तो गरीब व लहान बेट-देशांना आधी, असं त्याचं सूत्र. निधी आहे तो अजून गरजेच्या मानाने लहानच. पण सूत्र बरोबर आहे असं मला वाटतं, आणि ते सुचायला कुलाब्यानंतर दोनशे वर्षं लागावीत याचं आश्चर्यही वाटतं.

राहता राहिली एक बारीकशी पण अवघड गोष्ट. शिष्यवृत्तीत तिकीट मिळतं, वसतिगृह मिळतं, हातखर्च मिळतो. पण ज्या कचेरीत पाचच माणसं आहेत, तिथला एक वर्षभर पुण्याला आला की मागे चारच उरतात आणि पाळ्या त्यांनाच वाटून घ्याव्या लागतात. त्यामुळे कित्येकदा शिष्यवृत्ती तयार असते, पण पाठवायला माणूस मोकळा नसतो. यावर आता दोन तऱ्हेचे उपाय चालले आहेत. थोड्या आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम आणि संगणकावरून घरबसल्या घेता येणारे धडे. शिकणारा आपली पाळी करतो आणि उरल्या वेळात धडे गिरवतो. पण वादळाचा नकाशा हाताने काढताना मागे उभा राहून 'ही रेषा इथे का वळवलीस?' असं विचारणारा गुरुजी संगणकावर मिळत नाही. तेवढ्यासाठी तरी शिकणाऱ्याला काही दिवस पाषाणला यावं लागतं, आणि त्या दिवसांत त्याच्या बेटावरची खुर्ची भरायला कुणाला बसवायचं, त्याला पगार कोण द्यायचा, ही बाब बहुतेक अंदाजपत्रकांत अजून लिहिलेली नसते.